एका घराच्या तीन रांगा

आमच्या घरात माणसं तीन आणि पासपोर्टही तीन देशांचे. माझा भारतीय, नवऱ्याचा चिनी आणि अडीच वर्षांच्या लेकीचा अमेरिकन. अहमदाबादला विमानातून उतरलो की लेक तिच्या ओसीआय कार्डामुळे माझ्याबरोबर असते आणि नवरा परदेशी पाहुण्यांच्या रांगेत जातो. चेंगडूला उतरलो की तो झटकन बाहेर पडतो आणि मी लेकीला कडेवर घेऊन बोटांचे ठसे देत मागे उभी असते.

बडोद्याला आले की मंडळाच्या कार्यक्रमांत ओळखीची तरुण मुलंमुली घोळका करून विचारतात, “तुम्ही भांडता कुठल्या भाषेत?” (इंग्रजीत. रुसतो मात्र आपापल्या भाषेत.) “घरी जेवायला काय असतं?” “सासूबाईंशी काय बोलतेस?” प्रश्न गमतीचे असतात आणि मी उत्तरंही हसत देते. पण अशा संसाराचा भार ज्या गोष्टींवर पडतो, त्या कुणीच विचारत नाही. जन्मदाखला, लग्नाची नोंद, व्हिसा, मुलाचं नागरिकत्व, आणि दोन गावांत म्हातारे होत चाललेले चार आईवडील. आपल्यातल्या पुष्कळ घरांतली मुलं आता परदेशी शिकायला जातात आणि जोडीदारही तिकडेच भेटतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

जन्मगावाची रांग

मी बडोद्याची. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बी.ई. केलं, मग अमेरिकेत एम.एस. आणि मग कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरची नोकरी. तो चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगडू शहराचा, एम.एस.ला माझ्याच वर्गात. २०१९ मध्ये आम्ही लग्न केलं. आधी कॅलिफोर्नियातल्या काउंटीच्या कचेरीत नोंदणी, मग डिसेंबरमध्ये बडोद्याला अंतरपाट धरून. तेव्हा चिनी नागरिकांना भारताचा ई-व्हिसा मिळत असे. त्यामुळे सासू-सासरे लग्नाला येऊ शकले आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आठ दिवस राहिले.

आता रांगेची गोष्ट. अमेरिका नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देते. त्यात नोकरदारांबरोबर त्यांचे जोडीदार आणि मुलंही मोजली जातात. ढोबळमानानं कुठल्याही एका देशाच्या वाट्याला यातली सात टक्क्यांहून जास्त येत नाहीत. देश मोठा असो की चिमुकला, नियम तोच. त्यामुळे भारतीयांची रांग लांबत लांबत कुठल्या कुठे गेली आहे. २०२५ च्या मध्यावर माझ्या ईबी-२ या वर्गात भारताची तारीख २०१३ च्या सुरुवातीला होती आणि चीनची २०२० च्या अखेरीला. म्हणजे साडेबारा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्या भारतीयाचा नंबर तेव्हा कुठे लागत होता.

या रांगेत तुमचा पासपोर्ट कुठला आहे ते बघत नाहीत, तुमचा जन्म कुठे झाला ते बघतात. आणि नवरा-बायकोची ताटातूट होऊ नये म्हणून कायद्यात एक सवलत आहे. दोघांचे जन्मदेश वेगळे असतील, तर जोडीदाराच्या जन्मदेशाची रांग धरता येते. माझी प्रायॉरिटी डेट २०१८ च्या उन्हाळ्यातली. २०२१ संपता संपता चीनची तारीख माझ्या तारखेच्या पुढे गेली. भारताची तेव्हा २०११-१२ च्या आसपास रेंगाळत होती. मी बडोद्यात जन्मलेली, भारतीय पासपोर्टवर नोकरी करणारी, आणि माझा अर्ज लागला चीनच्या रांगेत. २०२२ मध्ये दोघांनाही ग्रीन कार्ड मिळालं. माझ्यापेक्षा कितीतरी आधी अर्ज केलेल्या, नवरा-बायको दोघंही भारतात जन्मलेल्या माझ्या मैत्रिणी अजून थांबलेल्या आहेत. आनंदाची बातमी त्यांना सांगताना जीभ अडखळली.

ऑफिसातल्या एकानं हसत हसत विचारलंही, “रांग बदलायला लग्न केलंस की काय?” थट्टाच होती, पण सरकारलाही तेच विचारायचं असतं, फक्त सभ्य भाषेत. लग्न खरं आहे याचे पुरावे गोळा करा, असं वकीलबाईंनी सांगितलं. घराचा एकत्र भाडेकरार, बँकेतलं जोडखातं, विम्याचे कागद, फोटो. लग्नातल्या फोटोंपैकी त्यांना सगळ्यात आवडला तो ताटातल्या तांदळात नवरा अंगठीनं बायकोचं नाव लिहितो आहे, तो.

नाव तेच

त्या तांदळातही एक गोष्ट आहे. आपल्याकडे तांदळात नवं नाव लिहितात, निदान आडनाव तरी बदलतं. चीनमध्ये लग्नानंतर बाई आपलं नाव बदलत नाही. सासूबाईंचं आडनाव सासऱ्यांपेक्षा वेगळं आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमच्या आत्यानं विचारलं, “मग सुनेचं नाव काय ठेवलंत?” सासूबाईंना प्रश्न समजावून सांगायलाच पाच मिनिटं लागली. समजल्यावर त्या म्हणाल्या, “नाव तिच्या आईवडिलांनी ठेवलंय की.” नवऱ्यानं तांदळात माझंच नाव लिहिलं, देवनागरीत, आठवडाभर गिरवून.

याचा फायदा पुढे कळला. माझी पदवी, पासपोर्ट, नोकरीचे कागद, सगळीकडे एकच नाव राहिलं. अडचण आली ती जन्मदाखल्याची. माझ्या दाखल्यावर नावाची जागा रिकामी होती. पूर्वी अनेकदा बारशाच्या आधीच जन्माची नोंद होई, आणि नंतर नाव घालायला कुणी जात नसे. बाबांनी खेपा घालून नाव घालून घेतलं. माझा दाखला गुजरातीत आणि नवऱ्याचा चिनी भाषेत, तेव्हा दोन्हींची प्रमाणित इंग्रजी भाषांतरं करून घेतली. मराठी मुलीच्या या सगळ्या फायलीत मराठीतला एकही कागद नाही, याची मला गंमत वाटते.

दोन विहिणी आणि एक बंद फोन

चेंगडूची मेजवानी मे २०२० मध्ये ठरली होती. नवऱ्याची आजी, म्हणजे वडिलांची आई, प्रवासाला थकलेली होती. नातसुनेला ती तेव्हाच बघणार होती. जानेवारीत वुहान बंद झालं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अमेरिकेनं चीनमधून येणाऱ्या परदेशी प्रवाशांना दार लावलं आणि मार्चच्या अखेरीस चीननं परदेशी लोकांना. मेजवानी राहून गेली.

मग जूनमध्ये गलवान झालं. भारताचे २० जवान गेले. चीननं आपल्याकडचे चार मृत्यू पुढच्या वर्षी सांगितले. त्या दिवसांत आमच्या घरी जेवताना टीव्ही बंद असायचा. आम्ही दोघांनी एकच ठरवलं, की बातम्या आपापल्या वाचायच्या, पण एकमेकाला देशाच्या वतीनं जाब विचारायचा नाही. माझे एक मामा सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांचा फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. त्यांनी फोन नवऱ्याकडे द्यायला सांगितलं आणि विचारलं, “आजीची तब्येत कशी आहे?” एवढंच. मामांनी मनात काय गिळलं असेल, ते मी कधी विचारलं नाही.

त्याच महिन्यात, २९ जूनला, भारतानं ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात वीचॅट होतं. बातमीत तो एक आकडा होता. आमच्या घरात मात्र दोन विहिणींचं बोलणं बंद पडलं. लग्नानंतर माझी आई आणि सासूबाई वीचॅटवर एकमेकींना फोटो पाठवत. आई तुळशीचा, सासूबाई गॅलरीतल्या मिरच्यांच्या कुंडीचा. खाली भाषांतराच्या बटणावर वाचायचं. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, भारतात वीचॅट बंद झालं. मग बडोद्याची तुळस कॅलिफोर्नियामार्गे चेंगडूला जाऊ लागली. रोज रात्री इकडचे फोटो तिकडे करणं हे माझं काम झालं, आणि ते आजही चालू आहे.

आजी २०२१ च्या हिवाळ्यात गेली. चीनमध्ये उतरल्यावर दोन-तीन आठवडे हॉटेलात विलगीकरण, आणि परत यायला अमेरिकेचा नवा शिक्का लागणार. एच-१बीचा शिक्का चिनी नागरिकांना वर्षभराचाच मिळतो आणि त्याचा संपलेला होता. गेला असता, तर कधी परतला असता सांगता येत नव्हतं. त्यानं अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिला. त्यांच्याकडे सातव्या दिवसाला महत्त्व असतं, आपल्याकडे दहाव्याला. आईनं बडोद्याहून विचारलं, “दोन्ही करा ना. काय बिघडतंय?” आम्ही दोन्ही केले.

महिना बसणे

लेक २०२३ मध्ये झाली. आधी सासूबाई आल्या, मग आई. मधले दोन आठवडे दोघी एकत्र होत्या. दोघींत एकाही भाषेचा धागा नाही. मला धास्ती होती ती बाळंतपणाच्या पथ्यावरून जुंपण्याची.

झालं उलटंच. चिनी लोकांत बाळंतिणीच्या पहिल्या महिन्याला ‘त्सुओ युएत्स’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘महिना बसणे’. गार पाण्याला हात लावायचा नाही, वारा लागू द्यायचा नाही, डोकं झाकायचं, सगळं ऊन ऊन खायचं. आपला सव्वा महिना तरी दुसरं काय सांगतो? सासूबाईंनी बाजरीसारख्या बारीक धान्याची पेज लाल साखर घालून केली आणि आईनं अळिवाची खीर. सासूबाईंच्या भांड्यात आलं आणि तीळ, आईच्या डब्यात डिंकाचे लाडू. मी फ्रिजमधलं पाणी प्यायला गेले, तर दोघींनी एकदम, आपापल्या भाषेत मला हटकलं. त्या दिवसापासून दोघींची जी युती झाली ती झालीच.

स्वयंपाकघरात आणखी एक ओळख पटली. आईचं माहेर मालवणकडचं. तिनं बांगड्याच्या तिखल्यासाठी तिरफळं आणली होती. सासूबाईंनी एक दाणा हुंगला, चावला आणि आपल्या पिशवीतून सिचुआनची ‘हुआज्याओ’ काढून शेजारी ठेवली. तशीच फुटलेली टरफलं, तशीच जिभेला मुंग्या आणणारी चव. वनस्पतिशास्त्रात ही दोन्ही झाडं एकाच कुळातली, एकाच प्रजातीसमूहातली आहेत. कोकणातल्या माशाला आणि सिचुआनच्या टोफूला सारखाच झटका देणारी.

नात्यांचंही तसंच. इंग्रजीत सगळे अंकल आणि आंटी. चिनी भाषेत मात्र आत्या वेगळी, मावशी वेगळी, काका वेगळे, मामा वेगळे, आईची आई आणि वडिलांची आई यांनाही वेगवेगळे शब्द. लेक चेंगडूच्या आजीला ‘नायनाय’ म्हणते आणि बडोद्याच्या आजीला ‘आजी’. कोण कुणाची, यात तिचा कधी गोंधळ झालेला नाही.

सुनेची पोलिसात नोंद

राहून गेलेली चेंगडूची मेजवानी शेवटी २०२४ च्या शरद ऋतूत झाली. सासरच्या घरी झोपण्याआधी मला पोलीस चौकीत जावं लागलं. घाबरू नका. चीनमध्ये परदेशी माणूस कुणाच्या घरी उतरला, तर २४ तासांच्या आत त्याची नोंद करावी लागते. सासूबाई घराचं नोंदणीपुस्तक छातीशी धरून आल्या. त्या पुस्तकाला ‘हुकौ’ म्हणतात. त्यात घरातल्या प्रत्येकाचं पान असतं. नवऱ्याचंही अजून आहे. माझं आणि लेकीचं नाही.

त्याच डिसेंबरात आम्ही बडोद्याला आलो. नवऱ्यानं भारतीयाचा जोडीदार म्हणून प्रवेश व्हिसा काढला. पर्यटक व्हिसा चिनी नागरिकांसाठी तेव्हा बंद होते, ते जुलै २०२५ मध्ये सुरू झाले. इथे बाबांनी संगणकासमोर बसून सी-फॉर्म भरला, कारण आपल्याकडेही घरी उतरलेल्या परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत कळवायची असते. लोक जावयाला दहावा ग्रह म्हणतात, आमच्याकडे त्याची सरकारदरबारी नोंदही आहे. दोन शेजारी देश, सीमेवर एकमेकांकडे डोळे वटारून बघणारे, आणि घरच्या पाहुण्याबाबत दोघांचा नियम अगदी जुळा!

पुढचा प्रश्न

आता आमच्यापुढे खरा प्रश्न आहे. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली की, म्हणजे २०२७ मध्ये, आम्ही अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी अर्ज करू शकू. करायचा का, आणि कुणी?

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, चीनही देत नाही. इथपर्यंत दोघं सारखे. पुढे वाटा वेगळ्या होतात. मी अमेरिकन झाले तर मला ओसीआय मिळेल. आयुष्यभराचा व्हिसाच तो. बडोद्यात राहता येईल, नोकरी करता येईल. मतदान करता येणार नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही. चीनकडे असं कार्ड नाही. नवरा अमेरिकन झाला की त्याचं चिनी नागरिकत्व आपोआप संपेल, हुकौतलं पान जाईल, आणि स्वतःच्या आईकडे जायला त्याला व्हिसा मागावा लागेल. तो एकुलता एक आहे. एक मूल धोरणाच्या काळात जन्मलेल्या त्याच्या बहुतेक मित्रांसारखाच. सासू-सासऱ्यांना बघणारं दुसरं कुणी नाही.

दुसऱ्या बाजूनं, आईवडिलांना अमेरिकेत कायमचं बोलावून घ्यायचं असेल, तर ते नागरिकालाच जमतं, ग्रीन कार्डवाल्याला नाही. आणि सासू-सासऱ्यांसाठी अर्ज सुनेला करता येत नाही, मुलालाच करावा लागतो. म्हणजे आईला जवळ आणायचं तर त्यानं आधी आईचा देश सोडायचा. आम्ही सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मी तिथे येऊन कुणाशी माहजोंग खेळू?” सासऱ्यांना बागेतल्या चहाच्या दुकानात झाकणाच्या पेल्यातून चहा प्यायल्याशिवाय दिवस उगवल्यासारखा वाटत नाही. ते येणार नाहीत, हे स्पष्ट आहे. गेलं तर आपणच जायचं.

वर्षभर बोलून आम्ही असं ठरवलं आहे. अर्ज मी करेन, तो करणार नाही. माझ्या आईबाबांना गरज पडली तर मी त्यांना बोलावू शकेन, किंवा ओसीआयवर बडोद्याला येऊन राहीन. त्याच्या आईवडिलांना गरज पडली तर तो कुणाची परवानगी न मागता घरी जाईल. वर्षाहून जास्त राहावं लागणार असेल, तर निघण्याआधी पुनर्प्रवेशाचा परवाना काढायचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा धोका कमी होतो. आणि तो चिनी नागरिक राहिला, तर मला आणि लेकीलाही कुटुंबीय म्हणून चेंगडूला राहण्याचा व्हिसा मिळू शकतो. आमचे वेगवेगळे पासपोर्ट ही मला बरीच वर्षं कटकट वाटायची. आता कळतं, की तिन्ही घरांची दारं त्यांच्यामुळेच उघडी आहेत. सगळ्यांनी एकाच रांगेत यायचा हट्ट धरला असता, तर एक दार कायमचं लागलं असतं.

बाबांना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. माझा पहिला पासपोर्ट त्यांनीच काढून आणला होता. मग म्हणाले, “रद्द केलेला पासपोर्ट परत देतात का?” देतात, म्हटलं. “मग तो इकडे आण. इथे ठेवू.”

तरुण मंडळींना माझं सांगणं एवढंच. परदेशी माणसावर जीव जडला, तर भाषा आणि जेवण यांची फार काळजी करू नका, ते होतं आपोआप. आपला जन्मदाखला काढून त्यावर नाव आहे का ते बघा. भारतात लग्न करणार असाल, तर अशा जोड्यांसाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस लागते, तेव्हा रजा तेवढी हाताशी ठेवा. परदेशात नोंदणी केलीत, तर दाखल्यावर अपोस्टिल करून घ्या. भारत तो पूर्वीपासून मानतो आणि नोव्हेंबर २०२३ पासून चीनही मानतो. मूल होण्याआधी त्याचं नागरिकत्व कुठलं ठरेल ते दोन्ही देशांच्या कायद्यात वाचा. चीनच्या कायद्यात आईवडील परदेशी कायमचे स्थायिक आहेत की नाहीत, यावर ते अवलंबून असतं.

आणि एक प्रश्न लग्नाआधीच एकमेकांना विचारा, तांदळात नाव लिहिण्याच्याही आधी. तुझे आईवडील थकले, की आपल्यापैकी कोण कुठे जाणार? आम्ही तो विचारला होता. उत्तर मात्र दर दोन वर्षांनी नव्यानं द्यावं लागतं, कारण नियम बदलतात आणि आईवडिलांची वयंही.